मारहाणीचे पोस्टर नेमके कोणासाठी?

काळानिळा डोळा, फुटलेला ओठ, आवळलेली मूठ आणि खाली लाल अक्षरांत ‘हिंसा थांबवा’. घरगुती हिंसाचाराविरुद्धची बहुतेक पोस्टरे अशीच दिसतात. ती वाचणारे मात्र वेगवेगळे असतात. मार खाणारी बाई, हात उचलणारा नवरा आणि ‘भांड्याला भांडे लागायचेच’ म्हणून दार लावून घेणारा शेजारी. एकच कागद तिघांशी बोलू गेला, तर कोणाशीच धड बोलत नाही.

महाराष्ट्रात या माध्यमाचा ठळक वापर झाला तो पुण्यात. 1982 साली मंजुश्री या विवाहित तरुणीचा सासरी झालेला मृत्यू खूप गाजला. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नारी समता मंचाने ‘मी एक मंजुश्री’ हे पोस्टर प्रदर्शन तयार करून ठिकठिकाणी नेले. या नावातला ‘एक’ हा शब्द महत्त्वाचा. त्यामुळे वर्तमानपत्रातली बातमी बघणाऱ्या बाईच्या स्वतःच्या घरात शिरते. शिवाय प्रदर्शनात पोस्टर एकटे नसते, शेजारी कार्यकर्ती उभी असते आणि वाचून थबकलेल्या बाईशी तिथेच बोलता येते. मंचाच्या समुपदेशन केंद्राचे नावही ‘बोलते व्हा’ असेच आहे.

जाहिरातसंस्थांची पोस्टरे निराळ्या वाटेने गेली. 2013 मध्ये मुंबईच्या टॅपरूट संस्थेने दुर्गा, लक्ष्मी आणि सरस्वती यांना जुन्या कॅलेंडरांच्या थाटात दाखवले, पण चेहऱ्यांवर मारहाणीचे वळ उमटवून. चित्रे जगभर फिरली आणि टीकाही झाली. मार खाऊ नये म्हणून बाईने देवीच असायला हवे का, हा आक्षेप रास्तच होता.

बघ्यांशी थेट बोलणारे पोस्टर लंडनमध्ये 2015 च्या महिला दिनाच्या सुमारास लागले. विमेन्स एड या संस्थेच्या डिजिटल फलकावर एका स्त्रीचा जखमी चेहरा होता. किती जण थांबून बघतात हे फलकावरचा कॅमेरा टिपत असे आणि बघणारे वाढले की चेहऱ्यावरच्या जखमा भरून येत. न बघता पुढे जाणे म्हणजे काय, हे सांगायला तिथे वेगळ्या वाक्याची गरज उरली नाही.

प्रत्यक्ष सोसणाऱ्या बाईला यातले काहीच फारसे कामाचे नाही. नवऱ्यासोबत बाजारात निघालेली बाई चौकातल्या फलकावरचा नंबर उतरवून घेऊ शकत नाही. म्हणून तिच्यासाठीचे पोस्टर स्त्रियांच्या स्वच्छतागृहात, दाराच्या आतल्या बाजूला लावतात. आकार वहीच्या पानाएवढा पुरतो. खालच्या कडेला कात्रीने उभ्या पट्ट्या कापून प्रत्येकीवर तोच नंबर छापायचा. पट्टी फाडून बांगडीखाली किंवा ब्लाउजमध्ये सरकवता येते. तिच्यावर संस्थेचे नाव न छापलेलेच बरे, घरी सापडली तर निभावता येते. पहिली एक पट्टी आपणच फाडून ठेवावी, म्हणजे दुसरीला संकोच होत नाही.

ही गुप्तता का लागते, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीवरून (2019-21) कळते. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम 14 टक्क्यांनी कोणाची मदत मागितली होती, तर 77 टक्के स्त्रियांनी मदत तर मागितली नव्हतीच, पण कोणापाशी अवाक्षरही काढले नव्हते.

काळानिळा डोळा आणखी एका बाबतीत दिशाभूल करतो. 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झालेल्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात शारीरिक छळाबरोबर लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक छळही येतो. कायद्याला व्यापक प्रसिद्धी देणे ही सरकारची जबाबदारी असल्याचेही त्यात नमूद आहे. पण अंगावर वळ नसलेली बाई मुठीचे चित्र बघून ‘आपले तसे काही नाही’ असे म्हणते. तिचा पगार नवऱ्याच्या खात्यात जातो, मोबाइल रोज तपासला जातो आणि कपाटाच्या किल्ल्या सासूच्या कमरेला असतात. चित्रकाराला वळ काढणे सोपे. कमरेला लटकणारा किल्ल्यांचा जुडगा छळाचा वाटावा, यासाठी शब्दांची साथ लागते. ‘भाजीलासुद्धा पैसे मागावे लागतात का?’ हा एक प्रश्न त्या चित्राखाली पुरतो. त्याच्या खाली 181 हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक, चष्मा न लावताही वाचता येईल एवढा मोठा.