कॅमेरा नाडी पाहतो : खरेदीपूर्वी चार प्रश्न

हकीम मनगटावर बोटे ठेवून नब्ज पाहत, डॉक्टर छातीला नळी लावतात. आता अंगाला हातही न लावता, केवळ व्हिडिओ कॅमेऱ्यातून नाडीचे ठोके आणि श्वास मोजण्याची विद्या बाजारात आली आहे. काही विमा कंपन्यांच्या मोबाईल अ‍ॅपमध्येही चेहरा दाखवून तब्येतीचे आकडे मिळवण्याची सोय आहे. आपल्यापैकी अनेक व्यापारी बंधू दवाखान्यांच्या व धर्मादाय संस्थांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत, अनेकांच्या हाताखाली कामगार आहेत. उद्या हा माल त्यांच्या दारी विकायला येईल. म्हणून तो काय आहे व कोठे कच्चा आहे, हे आम्ही येथे मांडत आहोत.

प्रत्येक ठोक्याबरोबर हृदय चेहऱ्याच्या कातडीतील बारीक रक्तवाहिन्यांत रक्त ढकलते. रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषून घेते. त्यामुळे रक्त भरले की कातडीवरून परतणारा हिरवा प्रकाश किंचित घटतो, ओसरले की पुन्हा वाढतो. हा फरक डोळ्याला दिसत नाही. पण सेकंदाला ३० चित्रे घेणारा कॅमेरा तो टिपतो आणि संगणक त्यावरून मिनिटाचे ठोके काढतो. छाती-खांद्यांच्या हालचालीवरून श्वासही मोजता येतो. आम्हा कापडवाल्यांना हे समजणे कठीण नाही. ट्यूबलाईटखाली एकाच शेडचे वाटणारे दोन ताके दिवसाच्या उजेडात नेले की वेगळे निघतात. रंग जितका कापडाचा, तितकाच उजेडाचाही असतो. कॅमेऱ्याची ताकद अशा बारीक फरकात आहे आणि कमजोरीही तेथेच आहे.

या विद्येचे मूळ जुने आहे. अमेरिकेत अल्रिक हर्ट्झमन यांनी १९३७ साली बोटांवर प्रकाश टाकून रक्ताची चढउतार मोजून दाखवली. कोविडच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर याच घराण्यातला. मात्र त्यात बोट अडकवावे लागते. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संशोधकांनी एका मीटरहून अधिक अंतरावरून, साध्या कॅमेऱ्याने व खोलीतल्या उजेडात चेहऱ्यावरून नाडी मोजली. २०१० साली एमआयटीच्या मिंग-झेर पो, डॅनियल मॅकडफ आणि रोझालिंड पिकार्ड यांनी हेच काम संगणकाच्या साध्या वेबकॅमवर केले. पुढच्याच वर्षी फिलिप्स कंपनीने आयपॅडसाठी असे अ‍ॅप विक्रीस आणले. म्हणजे प्रयोगशाळेतून दुकानात यायला तीन वर्षेही पुरी लागली नाहीत.

याचा खरा उपयोग कोठे होतो? अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी इतकी नाजूक असते की चिकटवलेली पट्टी काढताना ती सोलते. ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ रुग्णालयात अशा ३० बाळांवर कॅमेऱ्याने नाडी व श्वास मोजण्याचा अभ्यास झाला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. ऑक्सफर्डमधूनच निघालेल्या ऑक्सेहेल्थ कंपनीच्या यंत्रणेला २०२१ साली अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिली. इंग्लंडच्या मनोरुग्णालयांत झोपलेल्या रुग्णाला न उठवता त्याची नाडी व श्वास पाहण्यासाठी ती वापरली गेली. परंतु खोलीत कॅमेरा लावल्याबद्दल तेथील रुग्णांनी व त्यांच्या बाजूने बोलणाऱ्या संघटनांनी तीव्र आक्षेप घेतले. फायदा व तक्रार अशी एकाच यंत्रातून निघाली.

आता मालाचा कच्चेपणा पाहू. माणूस हलला, बोलला, उजेड कमी झाला किंवा दिवा लुकलुकला तर आकडा बिघडतो. त्याहून मोठी गोष्ट कातडीच्या रंगाची. सावळ्या व काळ्या कातडीतील मेलॅनिन प्रकाश अधिक शोषते, त्यामुळे कॅमेऱ्याला मिळणारी खूण क्षीण होते. २०२० साली झालेल्या अभ्यासांच्या एकत्रित तपासणीत गडद कातडीवर हे मापन कमी अचूक ठरल्याचे दिसले. बोटावरच्या ऑक्सिमीटरचीही हीच कथा. त्याच वर्षी अमेरिकेतील पाहणीत ऑक्सिजन घटल्याचे यंत्राच्या नजरेतून सुटण्याचे प्रमाण काळ्या रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळले. गोऱ्या चेहऱ्यांवर पारखलेले यंत्र आपल्या माणसांवर जसेच्या तसे लावणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाने शिवलेला सदरा अंगात घालणे होय. येथे मात्र सदऱ्याचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

रक्तदाब व ऑक्सिजन कॅमेऱ्याने मोजण्याचा दावा तर आणखी सावधपणे घ्यावा. रक्तदाबासाठी डॉक्टरांचा भरवसा आजही दंडाला बांधायच्या पट्ट्यावर आहे. ताप साध्या कॅमेऱ्याला कळतच नाही, त्याला उष्णता टिपणारा वेगळा कॅमेरा लागतो.

विकणारा आला की त्याला चार प्रश्न विचारावेत. एक, हे यंत्र आपल्यासारख्या रंगाच्या किती माणसांवर तपासले व त्याचा लेखी अहवाल कोठे आहे? दोन, वैद्यकीय उपकरण म्हणून सरकारी मान्यता आहे काय आणि ती नेमकी कोणत्या मापनासाठी आहे? नाडीची मान्यता दाखवून रक्तदाब विकला जात असेल तर सौदा तेथेच थांबवावा. तीन, आमच्या दवाखान्यात, आमच्याच उजेडात, पट्ट्याच्या व बोटाच्या यंत्राशेजारी ठेवून महिनाभर चालवून दाखवाल काय? चार, चेहऱ्याचे चित्रण कोठे साठते, कोणाच्या ताब्यात राहते व केव्हा पुसले जाते?

चौथा प्रश्न कामगार ठेवणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावा. हा कॅमेरा माणसाला न कळताही त्याची नाडी पाहू शकतो. युरोपात कामाच्या जागी अशा खुणांवरून माणसाच्या भावना ताडणाऱ्या यंत्रणांवर, वैद्यकीय व सुरक्षेचे कारण वगळता, फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे. आपल्याकडेही व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला. पण कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. हकीमाला नब्ज दाखवायची तर माणूस स्वतः हात पुढे करी. कॅमेऱ्यापुढेही त्याला आधी विचारलेच पाहिजे.

हे तंत्र वाईट नाही, नाजूक बाळांच्या दृष्टीने तर ते मोठी सोय आहे. पण ताका उलगडून, उजेडात नेऊन पाहिल्याशिवाय आपण माल उचलत नाही. आजाऱ्याच्या बाबतीत त्याहून कमी दक्षता घेऊन चालणार नाही.