सोळा सोंगे, एक गळा

सिंथेसायझर घ्यायला निघालेल्या माणसाच्या कानांवर दुकानात प्रथम पडतात ते आकडे. एवढे आवाज, एवढी वाद्ये, एका वेळी एवढे भाग! सूर कसा आहे हे विचारायचे त्या गर्दीत राहूनच जाते. आमच्या दिव्याच्या मंडळाने गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांत असे एक जुने वाद्य घ्यावयाचे ठरविले आहे. निवडसमितीत मराठीचा प्राध्यापक कशाला, असे वाचक विचारतील. मंडळाच्या पावत्यांचे शुद्धलेखन मी तपासतो आणि थोडीफार पेटी वाजवितो, एवढीच माझी पात्रता.

निवडीला दोन वाद्ये उरली आहेत. एकाची बासरी ऐकताना डोळे आपोआप मिटतात. पण ते एका वेळी दोनच निरनिराळे आवाज काढते. दुसरे एकटेच बासरी, सतार, गिटार, ढोल अशी सगळी सोंगे घेते. बासरी मात्र कुकरच्या शिट्टीची सख्खी बहीण! या गुणाला ‘मल्टिटिंब्रल’ म्हणतात. मी आपला ‘बहुरूपी’ म्हणतो.

हे बहुरूपीपण जन्मापासूनचे नव्हे. १९७० च्या मिनीमूगवर एका वेळी एकच सूर निघे. केर्सी लॉर्ड यांनी त्या दशकात मुंबईच्या चित्रपटसंगीतात मूग आणला. नाव मूग असले, तरी ते वाद्य गप्प बसणारे नव्हते! चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची तबकडी काढली, तेव्हा त्यांच्यापुढे रोलंडची तीन यंत्रे होती : ज्युपिटर-८, खर्जाला टीबी-३०३ आणि तालाला टीआर-८०८. ज्याचे काम त्याने करावे, असा तो संसार. पुढे १९८८ च्या कॉर्ग एम-१ ने सारे बिऱ्हाड एका पेटीत आणले : आठ भाग, सोळा स्वर.

मेख येथेच आहे. सोळा स्वर म्हणजे कंपनीत नट सोळाच. चार तालाने नेले, चार मागच्या स्वरमेळाने, एक खर्जाने. शिवाय भरदार आवाजाला एकेका सुरामागे दोन-दोन नट लागतात. सतराव्या सुराची हाक आली, की कोणीतरी वाक्य अर्धे टाकून विंगेत पळतो. नव्या वाद्यांत ६४, १२८ स्वर असतात, तिथे ही ओढाताण नाही. पण आमची झेप जुन्यापर्यंतच.

दुसरी गोष्ट दुकानदार सांगत नाही. एकटा वाजविताना आवाजाला जी घुमारी असते, ती त्याची स्वतःची असते. सगळे भाग एकत्र चालू केले, की पुष्कळ जुन्या वाद्यांत ती घुमारी सर्वांत वाटून घ्यावी लागते आणि मघाचा रसाळ आवाज कोरडा पडतो.

आमच्या चिटणीसांचे मत दुसऱ्या वाद्याकडे आहे. “सर, यंत्र मानधन मागत नाही आणि लोकल चुकली म्हणून उशिरा येत नाही,” ते म्हणाले. खरे आहे. पण मग आमच्या ढोलकीवाल्या पोराने काय करायचे? तो कामावरून परस्पर तालमीला येतो, कधी उशिरा येतो. पण गाणारा अडखळला तर त्याच्यासाठी थांबतो. यंत्राचा ठेका थांबत नाही. एकट्याने रात्री कानांना हेडफोन लावून चाली बांधणाऱ्याला बहुरूपी वाद्य म्हणजे कल्पवृक्षच; आमच्याकडे माणसे आहेत.

शिवाय भाग कमी पडले, तर ते नंतर जोडता येतात. १९८३ साली मिडीची सोय आली, तेव्हापासून एका कंपनीचे वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याला किंवा संगणकाला तारेने जोडता येते. वाईट बासरीला मात्र अशी तार नाही.

म्हणून माझे मत पहिल्या वाद्याला. एक परीक्षा बाकी आहे तेवढीच. आपल्या गाण्याला मींड हवी. पेटीला ती कधीच साधली नाही. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने पेटीला दाराबाहेर ठेवले, त्याचे एक कारण हेच. सिंथेसायझरवर मींडेसाठी चाक असते, पण चाक फिरविले की त्या भागातले सगळे सूर एकदम हलतात. तेव्हा डाव्या हाताला तंबोऱ्याचा षड्ज, उजव्या हाताला बासरी असे दोन वेगळे भाग लावून चाक फिरवून पाहायचे. बासरी वाकली आणि षड्ज जागचा हलला नाही, तर पैसे मोजायला हरकत नाही.