पक्षाघातानंतर मोबाइलची भीती का वाटते?

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती व इंदापूर तालुक्यांतील ऊसशेती बहरली. आज बारामतीतच अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऊसाच्या फडात कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग आरंभिले आहेत. असे असूनही पक्षाघातातून उठलेले वयोवृद्ध उशाशी ठेवलेला मोबाइल हाती घेण्यास कचरतात. घरची मंडळी त्यास हट्ट म्हणतात. आमच्या मते हा निवाडा घाईचा होय.

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा खंडित झाल्याने अथवा तेथे रक्तस्राव झाल्याने पक्षाघात होतो. डावा मेंदू बाधित झाल्यास शरीराची उजवी बाजू लुळी पडते. बहुतेकांची भाषाशक्तीही त्याच बाजूस असल्यामुळे बोलणे, वाचणे, अंक ओळखणे अवघड होते. यास वाचाघात म्हणतात. समज बहुधा शाबूत असते, परंतु शब्द सापडत नाही. अशा रुग्णाने सहा अंकी ओटीपी घाईघाईने कसा टिपावा? उजवा मेंदू बाधित झाला, तर कित्येकांच्या ध्यानात पडद्याची डावी कड येतच नाही. तेथील खूण त्यांच्या लेखी नसल्यासारखीच. सवय नसलेल्या हाताचे बोट क्षणभर अधिक रेंगाळले, की भलतेच काही उघडते. त्यातच नातवाने वैतागून मोबाइल ओढून घेतला, की भीती मनात घर करते. पैसे लुबाडले जाण्याचे भय तर अनाठायी नाहीच.

तरीही ही भीती घालविणे अगत्याचे आहे. बारामतीहून पुणे सुमारे १०० किलोमीटर, इंदापूरहून त्याहूनही दूर. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१९ मध्येच सुरू झालेल्या ई-संजीवनी सेवेद्वारे डॉक्टरांचा सल्ला मोबाइलवरही मिळतो. (नव्याने तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला वा बोलणे अडखळले, तर मात्र मोबाइलवर सल्ला घेत बसू नये. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी; गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते.)

नोव्हेंबरातील हयातीच्या दाखल्याचेही असेच. २०१४ पासून तो 'जीवन प्रमाण'द्वारे देता येतो. पण आखडलेल्या मुठीची बोटे यंत्रावर टेकत नाहीत, आणि पेन्शन बंद होईल या धास्तीने वृद्ध कासावीस होतात. वस्तुतः दुसऱ्या हाताचे बोटही चालते. २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय झाली आहे. पोस्टमन घरी येऊनही हे काम करून देतात, आणि बँकेत कागदी दाखलाही स्वीकारला जातो.

शिकविताना एका वेळी एकच गोष्ट घ्यावी. लेकीला व्हिडिओ कॉल करणे ही उत्तम सुरुवात. अक्षरे मोठी करावीत. बोट किती वेळ टेकल्यावर मोबाइलने ते 'दाबून धरले' असे समजावे, तो अवधी सेटिंगमधून वाढविता येतो. मोबाइल स्टँडवर ठेवावा, म्हणजे चांगला हात मोकळा राहतो. ओटीपी कोणासही सांगावयाचा नाही व फसवणूक झाल्यास १९३० वर कळवावयाचे, हे कागदावर ठळक लिहून भिंतीस लावावे. आजाऱ्यांच्या भेटीस जाणाऱ्यांनीही दहा मिनिटे यासाठी राखून ठेवावीत, आणि चूक झाली तरी मोबाइल त्यांच्याच हाती राहू द्यावा.