छात्र पोलीस योजना

शालेय मुलामुलींना कायदा, गुन्हेप्रतिबंध आणि पोलिसांचे दैनंदिन काम यांची ओळख करून देणारी प्रशिक्षण योजना. पोलीस दलासाठी उमेदवार तयार करणे हा तिचा मुख्य हेतू नसून कायद्याची जाण असलेला नागरिक घडविणे हा आहे. छात्राला पोलिसाचे कोणतेही अधिकार प्राप्त होत नाहीत.

पूर्वपीठिका : स्थानिक तरुणांना पोलीसकामात आणण्याचा एक जुना प्रयोग खानदेशातच झाला. सातपुड्यातील भिल्लांना फौजेच्या बळावर आवरणे कठीण झाल्यावर इंग्रज सरकारने १८२५ मध्ये जेम्स औट्रम याच्याकरवी भिल्ल पलटण उभारली. तिचे ठाणे धरणगाव (जि. जळगाव) येथे होते. या पलटणीमुळे भिल्ल तरुणांना वेतन मिळाले. परंतु तिचा हेतू राज्यकर्त्यांचा बंदोबस्त हाच होता. पुढे ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबई प्रांतात स्थापन झालेले गृहरक्षक दल हे प्रौढ स्वयंसेवकांचे होते. ब्रिटनमध्ये १३ ते १८ वर्षे वयाच्या मुलांसाठी स्वयंसेवी पोलीस छात्र पथके आहेत.

भारतात या कल्पनेला व्यवस्थित रूप केरळ राज्याने दिले. तेथे २ ऑगस्ट २०१० रोजी १२७ शाळांत ही योजना सुरू झाली. तीत शिक्षक आणि पोलीस कर्मचारी मिळून छात्रांना कवायत, कायद्याचे ज्ञान व समाजसेवा यांचे शिक्षण देतात. २१ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने गुरुग्राम येथे तिचा देशव्यापी प्रारंभ केला.

स्वरूप : राष्ट्रीय योजना प्रथम सरकारी शाळांतील इयत्ता ८ वी व ९ वीच्या विद्यार्थ्यांसाठी आखण्यात आली. तीत महिन्याला एक तासिका योजिली असून नेमलेले पाठ्यपुस्तक वा परीक्षा नाही. शिक्षणसाहित्य, प्रशिक्षण व किरकोळ खर्चासाठी प्रत्येक शाळेस ५०,००० रुपयांची तरतूद करण्यात आली. विषयांचे दोन गट आहेत. गुन्हेप्रतिबंधाच्या गटात लोकसहभागी पोलीसकार्य, रस्तासुरक्षा, स्त्रिया व मुले यांची सुरक्षितता, भ्रष्टाचारविरोध आणि आपत्तिव्यवस्थापन हे विषय येतात. दुसऱ्या गटात सहिष्णुता, सहानुभूती, संघभावना, शिस्त इ. मूल्यांचा समावेश होतो.

योजना शाळेच्या पातळीवर राबविली जात असल्याने विद्यार्थ्याचा प्रवेश शाळेमार्फतच होतो. छात्र होणे म्हणजे पोलीस भरती नव्हे. महाराष्ट्रात पोलीस शिपाई होण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण व बारावी उत्तीर्ण असावे लागते, तसेच शारीरिक व लेखी चाचणी द्यावी लागते.

खानदेशातील प्रयोजन : धुळ्याजवळ मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे महामार्ग एकत्र येतात, तर तापी, गिरणा व पांझरा यांच्या काठच्या वस्त्यांना पुराचे भय असते. त्यामुळे रस्तासुरक्षा व आपत्तिव्यवस्थापन हे विषय येथील मुलांच्या रोजच्या अनुभवातले आहेत. घरी अहिराणी, भिली वा पावरी बोलणाऱ्या कुटुंबाला ठाण्यातील कागदोपत्री मराठी परकी वाटते. अशा घरातील छात्र दोहोंमधील दुवा ठरू शकतो.

अफवेच्या प्रसंगी या शिक्षणाची खरी कसोटी लागते. राष्ट्रीय योजनेच्या प्रारंभापूर्वी वीस दिवस, म्हणजे १ जुलै २०१८ रोजी, साक्री तालुक्यातील (जि. धुळे) राईनपाडा येथे जमावाने मुले पळविणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना ठार मारले. ही अफवा समाजमाध्यमांतून पसरली होती. एकट्या शालेय तासिकेने असा जमाव थांबला असता, असे म्हणता येणार नाही. तथापि अनोळखी माणसाबद्दल संशय आल्यास ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे, बालक संकटात असल्यास १०९८ हा क्रमांक लावावा आणि शिक्षा देण्याचा अधिकार फक्त न्यायालयाचा आहे, एवढे ज्ञान गावातील प्रत्येक घरात असणे अगत्याचे आहे. किशोर न्याय अधिनियम, २०१५ अन्वये प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमणे आवश्यक आहे. छात्राने ठाण्यात गेल्यावर प्रथम त्याची ओळख करून घ्यावी.

मर्यादा : महिन्याची एक तासिका अपुरी आहे. तीही मुख्याध्यापकाचा उत्साह व अधिकाऱ्याची सवड यांवर अवलंबून राहते. अधिकाऱ्याची बदली झाली की जुळलेला संबंध तुटतो. गणवेशामुळे मुलाला आपण पोलीसच आहोत असे वाटू लागण्याचा, तसेच गावातील बातम्या काढण्यासाठी त्याचा खबऱ्या म्हणून उपयोग होण्याचा धोका संभवतो. यास्तव छात्रांना तपासकामात वा बंदोबस्तात गुंतवू नये. भिल्ल पलटणीत तरुणांवर राज्यसत्तेची कामगिरी सोपविली जाई. छात्र पोलीस योजनेत त्या सत्तेच्या मर्यादाही मुलांना समजावून देता येतात आणि त्यांतच या योजनेचे वेगळेपण आहे.