मुदत संपलेल्या कंपनीचं प्रमाणपत्र

‘कॉम्प्युटरचं काहीतरी करून घे’ हे वाक्य १९९८-९९ च्या सुमारास पुण्यात घरोघरी ऐकू यायचं. वाय-टू-केची कामं जोरात होती, साधे बीएस्सी झालेले कोबोल शिकून विमानात बसत होते. क्लास म्हणजे एनआयआयटी नाहीतर ॲपटेक, आणि फी बहुधा वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडातून. सरकारी डोएकचे ओ, ए, बी, सी असे स्तर होते. परीक्षा कठीण, पण लग्नाच्या बैठकीत ‘ए लेव्हल’ म्हणजे काय ते समजावत बसावं लागे.

सीडॅकचं मात्र सांगावं लागत नसे. १९९३ मध्ये सुरू झालेल्या ॲक्ट्स या तिच्या प्रशिक्षण विभागाचा डॅक हा सहा महिन्यांचा डिप्लोमा म्हणजे दिवसभर लेक्चर आणि लॅब. माझ्या मते डॅकवाल्यांना मुलाखतीचं बोलावणं येई ते शिकवण्याइतकंच प्रवेशपरीक्षेच्या चाळणीमुळे. मी त्या चाळणीतून खाली पडलो.

२००१ मध्ये मंदी आली. त्याच वर्षी एमएस-सीआयटी सुरू झालं आणि गावाकडे ‘कॉम्प्युटर झालाय’ म्हणजे एमएस-सीआयटी असा अर्थ रूढ झाला. प्रोग्रामिंगशी त्याचा संबंध नाही, हे आमच्या काकांना शेवटपर्यंत पटलं नाही.

बेकारीच्या त्या काळात मी सन कंपनीची एससीजेपी ही जावा प्रोग्रामरची प्रमाणपत्र परीक्षा धरली. जावा १.४ चा पेपर, पासिंग ५२ टक्क्यांना. ऐकायला सोपं. पण समोर संगणक असून कोड चालवून बघता येत नाही, डोळ्यांनीच कंपाइल करायचा. दहा ओळींच्या तुकड्यात कुठेतरी एक चल सुरुवातीची किंमत न देताच वापरलेला असायचा आणि पर्यायांत ‘कंपाइलच होणार नाही’ हे बेरकीपणे बसलेलं असायचं. कॅथी सिएरा आणि बर्ट बेट्स यांच्या पुस्तकाची जुनी प्रत मी अप्पा बळवंत चौकातून आणली होती. चार महिने ती घेऊन बसलो. नोकरी त्या कागदाने दिली की नाही, सांगता येत नाही. फोन मात्र येऊ लागले. दुसऱ्याचा कोड न चालवता वाचायची सवय तिथे लागली, ती अजून पोट भरते.

पुढे डम्प आले. प्रश्न उत्तरांसकट पेन ड्राइव्हवर फिरू लागले. मी मुलाखती घ्यायला बसलो, तेव्हा नव्वदच्या पुढे गुण मिळवलेल्या एका मुलाला ‘इक्वल्स’ बदललं तर ‘हॅशकोड’ का बदलायचा, हे सांगता येईना. त्यानंतर बायोडेटातल्या एससीजेपीच्या ओळीवर माझी नजर थांबेनाशी झाली. यात चांगल्या मुलांवरही अन्याय झालाच.

२०१० मध्ये ओरॅकलने सन घेतली आणि परीक्षेचं नाव बदललं. मायक्रोसॉफ्टचं एमसीएसडी हे प्रमाणपत्र २०२१ मध्ये बंद झालं. ॲमेझॉनची क्लाउड प्रमाणपत्रं २०१३ मध्ये आली. तीन वर्षांनी त्यांचं नूतनीकरण, लायसन्ससारखं.

गेल्या दिवाळीत भाचीने विचारलं, ‘मामा, कुठलं करू?’ तिला आधी हव्या त्या नोकऱ्यांच्या वीस जाहिराती काढून वाचायला लावल्या. मग तिने एनपीटीईएलचा जावाचा कोर्स घेतला. शिकणं फुकट, फी फक्त परीक्षेची, आणि ७५ टक्के गुण केंद्रावर बसून दिलेल्या पेपरचे.

‘तुझं सर्टिफिकेट अजून चालतं?’

‘त्याला मुदतच नव्हती गं. मुदत कंपनीची संपली.’

ती फाइल चाळत होती. सनचा जांभळा लोगो बघून म्हणाली, ‘छान आहे रे, हे कोण?’