चार तांब्यांचे गणित

मुळशी परिसरात शाळेचे शिबिर न्यायचे ठरले, की पाण्याची काळजी सहसा कोणी करीत नाही. समोर एवढा मोठा जलाशय! पण इथला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. डोंगरउतार तीव्र आणि खाली बेसॉल्टचा कठीण खडक, त्यामुळे पाणी मुरते कमी आणि वाहून जाते जास्त. जलाशयातले पाणीही मुख्यतः घाटाखाली भिरा येथे वीजनिर्मितीसाठी जाते. एप्रिल-मे महिन्यांत वरच्या वाड्यांवर चाळीस मुलांनी रोज पंधरा लिटरची एकेक बादली वापरली, तर ६०० लिटर पाणी खर्च होईल. ते गावाच्याच विहिरीतून जाणार.

मग अस्वच्छ राहायचे का? मुळीच नाही. अमेरिकेतील नेवाडाच्या वाळवंटात दरवर्षी ‘बर्निंग मॅन’ हा उत्सव भरतो. तिथे प्रत्येकाने पाणी स्वतःच आणायचे असते. पिणे, स्वयंपाक आणि धुणे धरून माणशी दिवसाला सुमारे पाच-सहा लिटर पाणी आणा, असा सल्ला आयोजक देतात. सांडपाणी जमिनीवर ओतायलाही बंदी असते. इतक्या थोड्या पाण्यात भागवायचे, तर किती पाणी वापरले यापेक्षा कसे वापरले याला महत्त्व येते.

साबण लावलेला शर्ट पिळल्यावर त्यात पाव लिटर साबणाचे पाणी उरले असे समजू. आपल्याजवळ दोन लिटर स्वच्छ पाणी आहे. ते सगळे एकदम ओतून शर्ट खळबळला आणि तेवढाच पिळला, तर पाव लिटरमधला साबण सव्वादोन लिटरमध्ये पसरतो आणि शर्टात १/९ साबण उरतो. तेच पाणी एकेक लिटर असे दोनदा वापरले, तर दर वेळी १/५ उरतो, म्हणजे अखेरीस १/२५. अर्ध्या अर्ध्या लिटरने चारदा खळबळले, तर दर वेळी १/३ आणि अखेरीस फक्त १/८१! पाणी तेवढेच, पण साबण नऊपट कमी. शर्ट अधिक घट्ट पिळला, तर फायदा आणखी वाढतो. धाग्यांना चिकटलेला मळ मात्र नुसत्या खळबळण्याने जात नाही, तो आधी चोळून सोडवावा लागतो.

हे वर्गात करून पाहता येईल. दोन सारख्या बाटल्यांत प्रत्येकी २५ मिलिलिटर शाईचे पाणी घ्या. एकीत २०० मिलिलिटर पाणी एकदम घालून हलवा आणि २५ मिलिलिटर ठेवून बाकीचे ओता. दुसरीत तेच ५०-५० मिलिलिटर असे चार वेळा करा. उरलेल्या पाण्याच्या रंगांची तुलना करा. आपले गणित रंगात दिसेल.

भांड्यांनाही हाच नियम. खरकटे आधी पुसून काढावे, राखेने घासावे आणि मग थोड्या थोड्या पाण्याने तीनदा विसळावे. शेवटचे विसळलेले पाणी जवळजवळ स्वच्छ असते, ते पुढच्या भांड्यांच्या पहिल्या विसळण्याला चालते. अंघोळीचेही तसेच. घामाला मूळचा वास फारसा नसतो, तो त्वचेवरचे जिवाणू निर्माण करतात. म्हणून काखा, जांघा आणि पाय धुवावेत, बाकी अंग ओल्या पंचाने पुसले तरी भागते.

एका ठिकाणी मात्र काटकसर नको. शौचानंतर आणि जेवणापूर्वी हात साबणाने वीसेक सेकंद चोळून धुतलेच पाहिजेत. शिबिरात एकाला जुलाब झाले, तर ते पसरायला वेळ लागत नाही. झाकणाला बारीक भोक पाडलेली बाटली टांगली, की हात धुण्याला थोडे पाणी पुरते.

साबणाचे पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. साठ-सत्तर मीटर दूर, मातीत पसरून टाकावे. खालच्या वाडीवर तोच ओढा कोणाचे तरी पिण्याचे पाणी असतो.