आगीची साक्ष

चोरानें घर फोडलें तर भिंतीस भोंक राहतें. खुनी मनुष्य पळाला तरी त्याचें शस्त्र कोठें तरी सांपडतें. आग मात्र आपल्या मागचा पुरावा आपणच खाऊन टाकते. ज्या चिंधीवर ती लावली ती चिंधी, ज्या काडीनें लावली ती काडी, आणि ज्या दारांतून लावणारा आंत आला तें दार, सर्वांची एकच राख होते. मग त्या राखेपुढें उभें राहून आग कोठून निघाली, कशानें निघाली, आणि कोणाच्या हातून निघाली काय, या तीन प्रश्नांचीं उत्तरें काढावयाचीं कशीं? अमेरिकेंतील पुष्कळ अग्निशामक दलांत याच कामासाठीं नेमलेले अधिकारी असतात. त्यांस आपण आगीचे तपासनीस म्हणूं. त्यांच्या कामाची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

या विषयाकडे पुष्कळांचें लक्ष दूरचित्रवाणीवरील एका मालिकेनें वेधलें. ‘स्मोक’, म्हणजे धूर, या नांवाची ही नऊ भागांची मालिका २७ जून २०२५ रोजीं ॲपल टीव्हीवर सुरू झाली. तिचा कर्ता डेनिस लेहेन हा अमेरिकेंतील नामांकित कादंबरीकार होय. अमेरिकेच्या वायव्य भागांतील एका कल्पित नगरांत दोन निरनिराळे इसम एकामागून एक आगी लावीत सुटले आहेत. त्यांचा माग काढणारा आगीचा तपासनीस डेव्ह गुडसेन व त्याच्या जोडीस दिलेली पोलीस अधिकारी मिशेल कॅल्डरोन यांची व प्रेक्षकांची गांठ आरंभाच्याच भागांत पडते. मालिका प्रौढांसाठीं असल्यामुळें ती मुलांनीं पाहावी असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ती ज्या सत्य घटनेवरून सुचली ती घटना, व अशा तपासामागचें शास्त्र, हीं मात्र मुलांनीं अवश्य समजून घेण्याजोगीं आहेत.

प्रथम शास्त्राकडे वळूं. आग लागण्यास तीन गोष्टी लागतात हें आमचे विद्यार्थी पाठ्यपुस्तकांत शिकलेच आहेत: जळण, हवेंतील प्राणवायु आणि पुरेशी उष्णता. जळण व हवा बहुतेक घरांत असतातच. म्हणून तपासनिसाचा खरा शोध असतो तो पहिल्या उष्णतेचा. जागेवर गेल्यावर चांगला तपासनीस प्रथम कोणाचेंही नांव घेत नाहीं. जेथें कमी जळालें आहे तेथून जेथें अधिक जळालें आहे तेथें तो हळूहळू जातो, व वाटेंत दिसणारी प्रत्येक खूण टिपून ठेवितो.

ही खूण कशी असते? जुन्या घरांत भिंतीलगत घासलेटची चिमणी ठेवीत असत. कांहीं दिवसांनीं त्या भिंतीवर काजळीचा डाग उमटे. तो खालीं अरुंद व वर रुंद असे. तापलेली हवा व धूर वर जातां जातां पसरतात, त्याचा हा परिणाम. मोठी आगही भिंतीवर नरसाळ्यासारखी अशीच खूण उमटविते, आणि नरसाळ्याचें टोंक जेथें असेल तेथें आगीचा जन्म झाल्याचा संभव असतो. त्या ठिकाणीं विजेची तार होती काय, शेगडी होती काय, कोणी विडी टाकिली होती काय, हें सर्व एकेक करून पाहावें लागतें. संशय आल्यास राख व जळक्या लाकडाचे तुकडे हवाबंद डब्यांत भरून प्रयोगशाळेकडे पाठवितात. तेथें त्यांतून निघणाऱ्या वाफेचे घटक अलग करून पेट्रोल किंवा घासलेट यांचा अंश आहे काय तें ठरवितात. या कामीं शिकवून तयार केलेल्या कुत्र्यांचें नाकही उपयोगी पडतें; पण कुत्र्यानें दाखविलेल्या जागेचा नमुनाही प्रयोगशाळेंत तपासावा लागतो.

आतां ती सत्य घटना. कॅलिफोर्निया संस्थानांत साउथ पॅसाडेना या गांवीं १० ऑक्टोबर १९८४ रोजीं घरगुती सामानाच्या एका मोठ्या दुकानास आग लागली व तींत चार माणसें मेलीं. त्यांत दोन वर्षांचें एक मूलही होतें. आग अपघातानें लागली असें प्रथम ठरलें. परंतु शेजारच्या ग्लेंडेल शहराच्या अग्निशामक दलांतील जॉन ऑर नांवाचा तपासनीस ठासून सांगूं लागला कीं, नाहीं, ही आग कोणीतरी मुद्दाम लाविली आहे. या गृहस्थाचा आपल्या धंद्यांत मोठा लौकिक होता.

पुढें १९८७ च्या जानेवारींत फ्रेस्नो शहरीं आगीच्या तपासनिसांची एक परिषद भरली होती. त्याच सुमारास तेथें व दक्षिणेकडे बेकर्सफील्डपर्यंतच्या दुकानांत आगींमागून आगी लागल्या. बेकर्सफील्डच्या दलांतील मार्व्हिन केसी या अधिकाऱ्यास एके ठिकाणीं एक लहानसें साधन न जळतां राहिलेलें सांपडलें. एक सिगारेट, तिच्याभोंवतीं रबरानें बांधलेल्या कांहीं आगकाड्या, व त्यांवर गुंडाळलेला रेघांचा पिवळा कागद. सिगारेट जळत जळत काड्यांपर्यंत पोंहोंचावी व तोंवर लावणारा दूर निघून जावा, अशी ही युक्ति होती. त्या कागदावर बोटाचा एक ठसा मिळाला. आगींच्या जागा व वेळा नकाशावर मांडून केसीनें असें अनुमान काढिलें कीं, हें काम परिषदेस आलेल्यांपैकींच कोणाचें तरी असावें. हें ऐकून इतर अधिकारी त्याच्यावर विश्वास ठेवीनात. बंबवालाच आग लावील काय?

१९८९ सालीं दुसरी परिषद समुद्रकांठीं पॅसिफिक ग्रोव्ह येथें भरली, आणि पुन्हां त्या वाटेवर आगी लागल्या. दोन्ही परिषदांस हजर असलेल्यांच्या याद्या केसीनें ताडून पाहिल्या. दहा नांवें उरलीं. त्यांचे ठसे तपासविले, पण तपासणारानें जुळत नाहींत असा निकाल दिला. दोन वर्षांनीं, १९९१ सालीं, लॉस एंजेलिसच्या परिसरांतील आगींचा तपास चालू असतां तोच ठसा पुन्हां तपासला गेला, आणि तो जॉन ऑर याच्या बोटाचा निघाला! त्या वर्षाच्या डिसेंबरांत त्यास अटक झाली. एक बंबवालाच आगी लावितो अशी कादंबरी त्यानें लिहिली होती, व तींत तसल्याच एका दुकानाच्या आगीचें वर्णन होतें, असेंही उघडकीस आलें. १९९२ सालीं आगी लावल्याबद्दल तो दोषी ठरला. १९९८ सालीं साउथ पॅसाडेनाच्या चार मृत्यूंबद्दल त्यास आमरण कारावासाची शिक्षा झाली. कुंपणानेंच शेत खाल्लें, अशी म्हण आपण सहज वापरतों. तिचें याहून भयंकर उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, ऑर इतकीं वर्षें मोकळा राहिला तो त्याच्या पदाकडे व लौकिकाकडे पाहून. सर्वांनीं माणूस पाहिला. केसीनें कागदाचा तुकडा पाहिला. आणि पहिल्या तपासणींत तोही तुकडा वायां गेला होता. पुन्हां एकदां तपासावें असें कोणास वाटलें म्हणूनच सत्य बाहेर आलें.

परंतु भरंवसा केवळ माणसावरच चुकीनें बसतो असें नाहीं. तो शिकलेल्या विद्येवरही बसतो, आणि त्याचा परिणाम अधिक दुःखद होऊं शकतो. आगीच्या तपासनिसांत पुष्कळ समजुती गुरूकडून शिष्याकडे चालत आल्या होत्या. खिडकीच्या कांचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे दिसले कीं तेल ओतून आग लाविली. जळक्या लाकडावर मगरीच्या पाठीसारखे मोठे चकचकीत खवले दिसले कीं तेल. जमिनीवर ओघळाच्या आकाराचे डाग दिसले कीं तेलच. या समजुती पारखून कोणीं पाहिल्या होत्या? फारशा कोणींच नाहीं.

१९९१ च्या ऑक्टोबरांत कॅलिफोर्नियांतील ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा पसरून सुमारें ३,००० घरें भस्म झालीं. या घरांत कोणीं तेल शिंपडलें नव्हतें. तरी पाहणी करणारांस कित्येक कांचांवर तेच जाळीदार तडे आढळले. पुढें प्रयोग केल्यावर कळलें कीं, तापलेल्या कांचेवर पाणी पडून ती एकाएकीं निवाली म्हणजे असे तडे जातात. कंदिलाच्या तापल्या कांचेस ओला हात लावूं नये, हें आपल्या आजीबाईंस ठाऊक होतें. तो तडा म्हणजे आग लावणाराची खूण नसून आग विझविणाराच्या पाण्याची खूण होती.

जमिनीवरील डागांचेंही तसेंच. फ्लोरिडा संस्थानांतील जॅक्सनव्हिल येथें एका घरास लागलेल्या आगींत सहा माणसें दगावलीं व वांचलेल्या एका गृहस्थावर आळ आला. सरकारपक्षानेंच १९९१ सालीं शेजारचें तशाच बांधणीचें घर जाळून पाहविलें. तेल न ओतां केवळ कोच पेटविला. तापलेला धूर छताखालीं साठत गेला. अशा धुराचें तपमान सुमारें ६०० अंश सेल्सिअसपर्यंत चढलें म्हणजे त्याच्या नुसत्या झळीनें खोलींतील सर्व वस्तु, जमिनीवरील जाजमसुद्धां, जवळ जवळ एकाच क्षणीं पेटतात. या प्रकारास इंग्रजींत फ्लॅशओव्हर म्हणतात. त्या प्रयोगांत पांच मिनिटांच्या आंत तो घडला, आणि जमिनीवर तेल ओतल्यासारखेच डाग उमटले! आरोप मागें घेण्यांत आला. १९९२ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संस्थेनें तपासाचे नवे नियम छापिले; त्यांत अनुमान आधीं व पुरावा मागून असें न करितां शास्त्रीय पद्धतीनें चालावें, असें सांगितलें आहे.

सर्वांच्या वांट्यास असें दैव आलें नाहीं. टेक्सस संस्थानांतील कॉर्सिकाना येथें २३ डिसेंबर १९९१ रोजीं, नाताळच्या दोनच दिवस आधीं, एका घरास आग लागून तीन लहान बहिणी मरण पावल्या. बाप वांचला. तडे गेलेली कांच व जमिनीवरील डाग यांवरून तपासनिसांनीं आग मुद्दाम लाविल्याची साक्ष दिली. बाप शेवटपर्यंत नाकबूल करीत राहिला. १७ फेब्रुवारी २००४ रोजीं त्यास देहान्त शासन झालें. या खुणांस शास्त्राचा आधार नाहीं, असें एका तज्ज्ञानें त्याच्या मृत्यूपूर्वींच लेखी कळविलें होतें. मागाहून इतरही तज्ज्ञांनीं तेंच म्हटलें, आणि त्या काळच्या तपासाचें शास्त्र सदोष होतें ही गोष्ट टेक्ससच्या सरकारी आयोगाच्या २०११ च्या अहवालांत आली. बाप निर्दोष होता असें कोणत्याही न्यायालयानें आजवर म्हटलेलें नाहीं. परंतु ज्या खुणांवरून त्यास अपराधी म्हटलें, त्या खुणा अपराधाच्या नव्हत्या.

विद्यार्थिमित्रहो, या दोन कथा एकमेकींच्या उलट आहेत. एकींत अपराधी मनुष्य लौकिकाच्या आड लपला. दुसरींत एका मनुष्याचा प्राण न पारखलेल्या समजुतीवर गेला. दोहोंचें मूळ मात्र एकच: पाहण्याच्या आधींच ठरविणें. तुम्हांपैकीं सर्वच कांहीं आगीचे तपासनीस होणार नाहीं. परंतु वर्गांत एखाद्याची कंपासपेटी नाहींशी होते, आणि घटकाभरांत कोणाचें तरी नांव बाकांबाकांवरून फिरूं लागतें; तें नांव बहुधा ज्याचे कपडे फाटके असतात किंवा ज्यानें मागें कधीं खोडी केलेली असते अशाचेंच असतें. हुशार म्हणून नांवाजलेल्या मुलाकडे कोणी पाहतही नाहीं. घरींही दूध सांडलें, पैसे कमी आले, तर आपला पहिला शब्द कोणाविषयीं निघतो, याचा पालकांनीं विचार करून पाहावा. तो शब्द उच्चारण्यापूर्वीं आपण प्रत्यक्ष काय पाहिलें व केवळ काय मानलें, हें क्षणभर वेगळें करावें. पेटी बहुतेक वेळां दुसऱ्या दिवशीं बाकाखालींच सांपडते. पण ज्याच्यावर आळ आला त्या मुलास तो दिवस पुढें पुष्कळ वर्षें विसरतां येत नाहीं.